कीरल म्हणजे ओरखडा नव्हे

मास्तर,

काल नातीनं कालव्याकाठी नारळीच्या पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत धावून दाखवलं. परत आली, घाम पुसला आणि म्हणाली, "ताता, दुखलं नाही." किती महिन्यांनी छाती मोकळी झाली. म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

तिचे आईबाप चेन्नईत. धावण्याच्या सरावासाठी ती इथं तंजावरला माझ्याकडे राहते. मैदानाच्या कडेला बसून मी तुमच्या वर्गातल्या कविता मनात म्हणतो. तिची पावलं कवितेच्या चालीत पडली की समजावं, पोर आज बरी आहे. गेल्या वर्षी ही चाल मोडायला लागली. डाव्या नडगीवर, पुढच्या बाजूला, नुसतं बोट टेकवलं तरी ती ओठ चावायची. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला एक्स-रे दाखवला. हाडात केसाएवढी काळी रेघ. तमिळमध्ये म्हणाले, "कीरल आहे. धावणं बंद." बाहेर येऊन मी तिला सांगितलं आणि संध्याकाळी फोनवर मुलालाही, "काही नाही रे, ओरखडा आहे."

कीरल म्हणजे ओरखडाही आणि हाडाला गेलेली चीरही. तुम्ही तमिळ वाक्य देऊन मराठी करायला लावायचात. अजून दिसतं, माझी पाटी हातात घेऊन तुम्ही म्हणताय, "शब्द उचललास गाढवा, अर्थ तिथंच ठेवलास." वर्ग हसतोय, मी कान लाल करून उभा आहे.

ओरखड्याला तेल चोळून ती तीन आठवडे धावली. चीर वाढली. मोठ्या इस्पितळातले सर्जन म्हणाले, धावणाऱ्यांच्या नडगीची ही पुढची चीर नुसत्या विश्रांतीनं भरेलच असं नाही. गुडघ्याखालून हाडाच्या पोकळीत धातूची कांब घालू. तमिळमध्ये तिला कंबी म्हणतात, आणि 'कंबी नीट्टणं' म्हणजे पळ काढणं. शस्त्रक्रियेसाठी आत नेताना पोरगी म्हणते, "ताता, एकदा कंबी बसली की मी तुमच्या हातून सुटलेच." मला हसू आलं नाही. हा पाय पुन्हा धावला नाही तर त्या एका शब्दाचं मी काय करू, एवढंच डोक्यात.

धावला, मास्तर. काल धावला.

मुलगा अजून समजतो, म्हाताऱ्याचं भाषांतर चुकलं. चुकलं नव्हतं. दोन्ही अर्थ मला तेव्हाच दिसले होते. जिल्ह्याची शर्यत तोंडावर होती आणि मला तिला धावताना बघायचं होतं.

आत्ता ती खांद्यावरून डोकावली. मराठीची ही लिपी तिला येत नाही. "काय लिहिलंय, वाचा की." तुमचा आणि कवितांचा भाग वाचून दाखवला. शर्यतीचा परिच्छेद गाळला.