माझा चेहरा दिसत नाही म्हणे

४ मार्च
मिळालं! मुख्य काम मला मिळालं! नाटकातली बाई काळी आहे, लेखकाने तसं स्पष्टच लिहिलंय. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझा रंग माझ्या कामी आला! आजवर काय — मोलकरीण, भिकारीण, आणि एकदा तर चेटकीण. दादाला फोन केला, तर म्हणतो, "जपून हां, पडदा वर जायच्या आत काढतील." मस्करीच करत होता. तरी फोन ठेवल्यावर लेखकाची ती ओळ मी पुन्हा काढून वाचली.

१९ मार्च
संवाद पाठ. झोपेतसुद्धा.

२६ मार्च
आज पहिल्यांदा लाइटमध्ये तालीम. खिडकीपाशी माझं मोठं स्वगत आहे, नेमके तिथेच दिग्दर्शक ओरडले, "थांबा! हिचा चेहराच दिसत नाहीये!" मेकअपवाले काका पावडर घेऊन धावले. आरशात पाहिलं — पिठाच्या डब्यात पडल्यासारखी!
निर्माते खुर्चीतूनच म्हणाले, "बदलीला उभी करून बघा जरा." बदली म्हणजे मी आजारी पडले तर माझं काम करायला ठेवलेली मुलगी. गोरीपान. स्वभावाने इतकी गोड, की राग तरी कसा धरायचा? ती उभी राहिली आणि लख्ख दिसली. मी कोपऱ्यात जाऊन पावडर पुसत बसले.

२७ मार्च
आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. लाइट लावले त्या दिवशी मी कपड्यांची मापं द्यायला गेले होते. माझ्या जागी ती बदलीच उभी होती! एकूण एक दिवा तिच्या चेहऱ्यावर बेतलाय. मग मी दिसणार कशी?
दिग्दर्शकांना सांगू का? आई म्हणाली, "तोंड उघडू नकोस, बाई. मिळालंय ते टिकव." पण गप्प बसले तरी जाणारच की! भीती वाटते. फार.

२८ मार्च
बोलले. "सर, एकदा मला उभं करून लाइट लावता येतील का?"
"वा! बाईसाहेबांना आता लाइटचं खातंही हवंय!" दिग्दर्शक म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, त्याचीच लाज वाटतेय.
लाइटवाल्याने मात्र खांदे उडवून शिडी लावली, दोन दिवे वळवले. आणि दिसले मी! शेवटच्या रांगेतून कपडेवाली ओरडली, "अगं, तुझ्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा दिसतंय इथून!"
निर्माते बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, "आता जरा जास्तच दिसतेय." दिग्दर्शकांनी मान डोलावली. ती डोलणारी मान डोळ्यांसमोरून जात नाही.

३० मार्च
उद्या तालीम नाही, असा निरोप. सगळ्यांनाच, की फक्त मला? कपडेवालीला विचारायचा धीर होत नाही.

२ एप्रिल
दिग्दर्शकांचा फोन. माझं काम आता ती बदलीची मुलगी करणार. "मनाला लावून घेऊ नकोस. प्रेक्षकांचाही विचार करावा लागतो." मी म्हटलं, पण नाटकातली बाई तर काळी आहे ना? "ते बघू आम्ही."
आईला अजून सांगितलेलं नाही.

३ एप्रिल
मेकअपवाल्या काकांचा फोन. बिचारे अडखळत होते. "उद्या तासभर येशील का गं? तिला तुझा रंग द्यायचाय. तू समोर बसलीस तर नीट जुळवता येईल."
नाही म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "किती वाजता?"