लागण थांबवण्याविषयी

तीर्थरूप मगनमामांच्या चरणी सरलाचा नमस्कार.

आपली, मामींची आणि नव्या म्हशीची प्रकृती ठीक असेल असे धरून चालते. आईचा ताप अजून हटलेला नाही. पण चहा गोड नाही म्हणून काल ती मला रागावली, त्यावरून थोडी शक्ती शिल्लक असावी.

हकीकत अशी. आपल्या वाड्यापलीकडच्या बन्सीलालने वटवाघळाने अर्धा खाल्लेला पेरू उचलला आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्ला. (वटवाघूळ नेहमी गोडच फळ निवडते, ही बन्सीलालची बाजू.) त्याला ताप आला. मग त्याचा घाम पुसणाऱ्या शांतीबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला. मग तिला पेज भरवणाऱ्या माझ्या आईला. तालुक्याच्या डॉक्टरांचा अंदाज असा, की वटवाघळाच्या लाळेतून कसलासा अतिसूक्ष्म जंतू आला आणि आता तो माणसाच्या जवळिकीवर पुढे चालला आहे. म्हणजे ज्याने माया केली नाही तो वाचला. हे मनातून जात नाही. संध्याकाळी ती वटवाघळे चिंचेवरून उठतात आणि तापी ओलांडून सातपुड्याकडे जातात, सगळे आकाश संथ वाहू लागते, आणि मला त्यांचा राग येतच नाही.

असो. गावाला सावध करावे (घरातल्या पहिल्या पदवीधराने नाही तर कोणी?) म्हणून मी चावडीच्या भिंतीवर खडूने लिहिले, 'लागण एकापासून दुसऱ्याला होते. लागण ताबडतोब थांबवा.' दुसऱ्या दिवशी शेतात चिटपाखरू नाही. खड्डे उघडे, केळीचे कंद बांधावर पडलेले. सरकारने केळीची लागण बंद केली, असा सगळ्यांचा समज. शेजारचे छगनकाका दाराशी येऊन म्हणाले, "लागण बंद करी तं आमी खासूत काय, तुन्हं बी.ए.?" त्यांच्यामागे निम्मे गाव आले. मी ओट्यावर उभी राहून तापाची लागण आणि केळीची लागण, म्हणजे लागवड, यांतला फरक समजावला. सर्वांना पटला. मग, आलोच आहोत तर, म्हणून सगळे आत जाऊन आईच्या खाटेला टेकून बसले.

आपली आज्ञाधारक,
सरला (बी.ए.)

ता. क. मामींसह सगळे गाडी जुंपून आईच्या भेटीला निघणार असल्याचे कळले. हात जोडते, येऊ नका. पत्र त्यासाठीच.

दुसरा ता. क. वरचे आईला वाचून दाखवले. तिने भिंतीकडे तोंड फिरवले. तेव्हा तुम्ही एकटे या. अंगणापलीकडे लिंबाखाली उभे राहा, मी खिडकी उघडते. तिथून तुमचा फेटा तिला दिसेल. ती आत बोलावील. जाऊ नका. तुम्हाला ते जमेल ना? मला जमलेले नाही.