मानेचं मशीन

मंगळवार, संध्याकाळ. नेरे

चूक माझीच. व्हायब्रेटर कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुतला, ओला पिशवीत कोंबायचा नाही म्हणून खिडकीत फडक्यावर सुकत ठेवला. दाराला कडी नव्हती. इथं दिवसा कडी लावली की तब्येत बरी नाही का, म्हणून विचारायला येतात.

तर घरमालकीण काकू वालाच्या भाजीची वाटी घेऊन सरळ आत. त्यांनी तो उचलला, बटण दाबलं. खोलीभर घुर्र.

तोंडातून निघून गेलं, "मानेचं मशीन आहे, काकू."

"मान दुखती व्हय? मग मला सांगायचं न्हाई? खालीच तर हाय मी."

मला खाली बसवलं आणि खोबरेल लावून मान चोळत राहिल्या. खरखरीत, गरम हात. घटस्फोटाला तीन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत कुणी हात लावला होता मला? डोळे भरले. बरं झालं, त्या मागे होत्या.

त्या गेल्यावर तो पुन्हा धुतला, भाजीचा हात लागला होता ना. आता फडक्यावर सुकतोय. वाळला की पिशवीत घालीन, पिशवी कपाटात.

मानेला अजून खोबरेलाचा वास आहे. ती धुववत नाही.

उद्याही दुखतेय म्हणून सांगावं का?