तळ दिसणारं तळं

प्रिय दादा,

ध्रुवाजवळच्या समुद्राच्या पाण्यात मी तांब्याचा अंश मोजते. तो इतका कमी की अंगठीचा हात लागला तरी नमुना वाया जातो.

काल घरी आले तशी तू मला ओढतच आपल्या तळ्यावर नेलंस.

"बघ, तळ दिसतो! तू येणार म्हणून मोरचुदाचं अख्खं पोतं ओतलं. शेवाळ गेलं."

मोरचूद म्हणजे तांबंच, दादा, माशांना विष.

"आणि मासे?"

"खोल गेले असतील."

तळ तर लख्ख दिसत होता. तिथे काहीच हलत नव्हतं. तरी माझ्या तोंडातून निघालं, "छान झालंय."

आता तू शेजारच्या तळ्यासाठी दुसरं पोतं आणायला निघालायस. पत्र राहू दे, तुला थांबवायला मी धावत येते.

तुझी,
धाकटी