मला मिळालेलं ट्रॅक्शन

बेळगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप आक्कास,

परशरामचा उताणा साष्टांग नमस्कार. (पालथं व्हायला डॉक्टरांची बंदी आहे, तेव्हा एवढ्यावर भागव.) तुझे गुडघे काय म्हणतात? निपाणीत सगळे ठीक असतील असं धरून चालतो, कारण इथे ठीक असं काहीच नाही.

ट्रॅक्शन हा शब्द मला पहिल्यांदा आमच्या श्रेयसने ऐकवला. चिरंजीव नोकरी सोडून मोबाइलवर भाजी विकायचं काहीतरी काढून बसलेत आणि विचारलं की म्हणतात, "पप्पा, अजून ट्रॅक्शन मिळंना." (म्हणजे गिऱ्हाईक.) मग मच्छे गावचा मेकॅनिक ट्रॅक्टरच्या गुळगुळीत झालेल्या टायरवर हात फिरवून म्हणाला, "ह्यात ट्रॅक्शन ऱ्हायलं न्हाय, अण्णा." मी दोघांनाही हसलो. त्याच आठवड्यात काकतीच्या शेतात ट्रॅक्टर बांधावरून घसरला, मी शहाणपणाने उडी मारली, कंबर धरली आणि आता डॉक्टरांनी कमरेला पट्टा बांधून खाटेच्या पायथ्याशी वजनं लटकवली आहेत. यालाही ट्रॅक्शनच म्हणतात. पोराला हवं असून मिळत नाही, ट्रॅक्टरचं होतं ते गेलं आणि मला नको असताना दिवसातून दोनदा मिळतं.

शिवाय डिस्ट्रॅक्शन. मणके एकमेकांपासून सुटतात ते डिस्ट्रॅक्शन चांगलं, म्हणे, आणि भेटायला येणारी माणसं हे डिस्ट्रॅक्शन वाईट. (याच शब्दापायी इंग्रजीच्या सरांनी माझा कान पिळला होता. ते चांगलंही असतं हे तेव्हा कोणी बोललं नाही.)

रविवारी आमच्या अदितीचा साखरपुडा. शनिवारी घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. पण आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण येतं आपल्यात? काल भरमूमामा चार शहाळी घेऊन आले. पिशवी ठेवायला जागा दिसेना, म्हणून त्यांनी ती माझ्या वजनांच्या आकड्यालाच अडकवली. "हितं बरं हाय की रं!" मी बोंबललो. ते ऐकून, मागोमाग भेटायला आलेल्या आमच्या शेजारच्या मंगलकाकूंना गहिवर आला, "लई दुखतंय व्हय रं?" म्हणाल्या आणि डोळे पुसायला हात मोकळे हवेत म्हणून मोसंब्यांची पिशवीही तिथेच टांगली.

डॉक्टर आले तेव्हा मी वीतभर खाली सरकलो होतो. पुन्हा असं झालं तर मुक्काम आठ दिवस वाढेल, असं ते ठणकावून गेले. आक्का, पोरीच्या साखरपुड्याला बाप नाही या विचाराने मला खरंच रडू येतं. तू पत्र मिळताच ये आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बस. तुला बघून माणसं परत फिरतात हा माझा लहानपणापासूनचा अनुभव आहे.

तुझा आडवा भाऊ,
परशराम

ता. क. डॉक्टरांनी आजच दारावर पाटी लावली: भेटण्यास मनाई. कानडी, मराठी, इंग्रजी, तिन्हींत. सकाळपासून कोणी फिरकलं नाही.

ता. क. २: पाटी पडली का ते बघायला नर्सबाईंना तीनदा पाठवलं. जागेवर आहे म्हणतात. आक्का, तू येच. पण बाहेर नको, आत बस, आणि शनिवारपर्यंत बोलत राहा.