काकू, जीव किती?

आई, सकाळपासून हा कागद पुढे ओढते आणि पुन्हा उठते. चहा ठेवला तो उतू गेला. खिडकी उघडली, परत लावली. कांदिवलीच्या या घराचा जिना चढताना हल्ली मला मध्येच थांबावं लागतं. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी लिहून दिली आहे आणि ती चिठ्ठी पर्समध्ये घालून मी सभांना, मोर्चांना, बायकांच्या बैठकांना फिरते आहे. तुझ्या नातीला यातलं काही माहीत नव्हतं. कालपर्यंत.

काल दुपारी ती आणि तिची मुलुंडची मैत्रीण एक खेळ मांडून बसल्या होत्या. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, राक्षस आणि जादूच्या जगातली गोष्ट बोलत पुढे न्यायची आणि घाव बसला की चुकला ते फाशांवर ठरवायचं. गोष्ट सांगणारी तुझी नात, मैत्रीण त्यातली वैद्य. एक जण आला नाही, म्हणून नात मला म्हणाली, "आई, तू बस ना. तशीही तुला भांडायचंच असतं." मी योद्धा झाले. पण लढण्याआधी पात्राची तब्येत काढावी लागते, तीही हिशेबाने. आधी धंदा बघतात: योद्ध्याला दहा, पोथ्या वाचणाऱ्या मांत्रिकाला सहा. मग फासे टाकून अंगाचा काटकपणा काढायचा आणि त्याप्रमाणे आकडा वाढवायचा किंवा कमी करायचा. हे ऐकलं आणि मला राहवेना. त्या दोघींना म्हटलं, बघा, जो घाव झेलणार त्याच्या पदरात आधीच जास्त टाकलंय. असा न्याय आपल्याकडे कुठे आहे? माझी आई दिवसभर उभी राहून औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायची, पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत, आणि खुर्चीतला साहेब मात्र ठणठणीत. मी आणखी बोलले असते. पण "आई, फासे टाक," एवढंच तुझी नात म्हणाली. फासे वाईट पडले. काटकपणा कमी, म्हणून दहातला एक गेला. मी हरकत घेतली तर म्हणते, "हे निवेदन देऊन बदलत नाही गं."

मग नावावरून वाद झाला. त्या दोघी या आकड्याला 'हेल्थ' म्हणत होत्या. माझ्या घरात, माझ्या टेबलावर इंग्रजी? मी 'आरोग्य' सुचवलं. मैत्रीण म्हणाली, "काकू, फवारणीवाले आल्यासारखं वाटतं." शेवटी मीच म्हटलं, जीव म्हणा. आपल्या मालवणीत तब्येतीला जीवच म्हणतात. जीवाक बरां नाय, असं. त्या दोघींना शब्द आवडला आणि लगेच चालू झाला.

तो शब्द मी तुझ्याकडूनच घेतला होता, आणि तू तो स्वतःसाठी कधी वापरला नाहीस. मला ते स्वयंपाकघर दिसतं. तू ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसली आहेस, कुकरची शिट्टी होते आणि तू उठत नाहीस. मी विचारते, काय होतंय? "बरी आसंय." कॉलेजात असताना तुझ्या कारखान्याच्या गेटवर मी पहिलं मोठं भाषण केलं आणि सगळ्यांसमोर तुझ्या सुजलेल्या पायांकडे बोट दाखवलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन तू डाळ निवडत, मान वर न करता म्हणालीस, "माझो जीव तुझ्या भाषणात घालू नको." तू गेलीस तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, कुणाला बोलल्या नाहीत का?

कालच्या लढाईत प्रत्येक घावानंतर वैद्य मला विचारायची, "काकू, जीव किती?" आणि मी म्हणायची, "चालेल, पुढे चला." ती पुन्हा विचारायची. मी म्हणायची, "ठीक आहे गं."

"ठीक आहे हा आकडा नाही, काकू."

मी हसून वेळ मारून नेली. तिने शेवटचं औषध स्वतःला लावलं. पुढचा घाव मला बसला आणि माझा जीव शून्यावर आला. तुझी नात म्हणाली, "आई, तू पडलीस." मी म्हटलं, पडले तर पडले, पडल्या पडल्या मी त्या राक्षसाला सांगते की...

"पडलेल्याला बोलता येत नाही. नियम आहे."

वैद्य एकटी उरली होती, तीही दोन घावांत पडली. खेळ संपला. ती चिडली नव्हती, पण म्हणाली, "काकू, तुम्ही आकडा सांगितला असतात तर औषध तुम्हाला दिलं असतं. तुम्ही उभ्या असतात तर मीपण वाचले असते."

मैत्रीण गेल्यावर तुझी नात फासे गोळा करत होती. तिने विचारलं, "तू जिन्यात का थांबतेस?" माझ्याकडे उत्तरं तयार होती. उन्हाचं, वयाचं, पिशवीच्या वजनाचं. मी पर्स उघडली आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने वाचली. ओरडली नाही, रडली नाही, बोरिवलीच्या तपासणी केंद्राला फोन लावून परवा सकाळची वेळ घेतली आणि म्हणाली, "मी येतेय बरोबर." मी म्हटलं, गरज नाही. ती म्हणाली, "विचारलं नाहीये."

तेव्हापासून मी अशी घरभर फिरते आहे. तपासणीत काय निघेल याची धास्ती आहेच. ती मी कुणापुढेही बोलून दाखवीन, त्यावर भाषणही करीन. पण रस्ता ओलांडताना कुणी माझा हात धरला तर मी तो सोडवून घेते, तुला माहीत आहे. परवा ती धरील. आणि मला तो सोडवावासा वाटणार नाही, याची मला जास्त भीती वाटते आहे. हे तिला सांगता येत नाही, म्हणून तुला.