खालची खोली आणि तीनशे बारा पायऱ्या

माझी खाट वरच्या खोलीत कोणी नेली आणि कोणाला विचारून नेली, ते आधी सांग. माणूस परदेशी गेलं की मेलं, असं समजता की काय? परवा फोनवर भाऊजी बोलता बोलता पचकले म्हणून कळलं तरी. तू पत्ताही लागू दिला नसतास.

असो. चि. सौ. धाकट्या जाऊबाईंना थोरलीचे आशीर्वाद. (रागात दिलेत, पण खरे आहेत, जपून वापर.) तुम्हा सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील. भाऊजींचा खोकला गेला का? मी इथे लेकीकडे ठीक आहे. जावई शब्दाबाहेर नाहीत, चहा मात्र पांचट करतात. फोन लेकीचा आणि ती शेजारून हलत नाही, म्हणून हे पत्र. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढू नकोस, मुद्दा बघ.

मुद्दा त्या फोटोचा. मनोऱ्याच्या टोकावर मी, पदर वाऱ्यावर, हात वर. तो पाहून तू ठरवलंस की थोरलीचे गुडघे ठणठणीत आहेत, तिला खालची खोली कशाला. तर ऐक. मी मनोरा बघायला गेलेच नव्हते. जगभरातून लोक येतात म्हणे तो बघायला; येऊ देत, त्यांना घरी कामं नसतील. लेकीला बँकेत काम होतं. तिने मला समोरच्या चौकात बाकावर बसवलं आणि इथून हलू नकोस म्हणाली. (आईला असं सांगायची आता पद्धत आहे.) अर्ध्या तासाने मला जायची गरज लागली. कुठे, ते तू समज. बघते तर एका दगडी दारापुढे रांग. निम्म्याहून जास्त बायका, कोणी या पायावरून त्या पायावर होतेय, कोणी घड्याळ बघतेय, तोंडं सगळ्यांची ताणलेली. अशी रांग कशाची असते हे माझ्या वयाच्या बाईला शिकवायला नको. खिडकीवर पैसे घेत होते, त्याचंही नवल वाटलं नाही. इथे त्या कामाला पैसे पडतात हे जावयांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मोठी नोट दिली तर चिल्लर तेवढी परत आली, तेव्हा वाटलं, आत संगमरवर असणार.

आत संगमरवर नव्हता, जिना होता. गोल, अरुंद, एका वेळी एक माणूस मावेल एवढा. म्हटलं असेल पहिल्या मजल्यावर. पहिला मजला आलाच नाही. मागे वळावं तर मागे एक आडदांड बाई, तिच्या मागे तिचं सगळं गोत, आणि भिंतीवर बाण, तोही फक्त वरचा. तीनशे बारा पायऱ्या. मोजल्या, कारण मोजत राहिलं की बाकीचं जरा विसरतं. गुडघ्यांनी नाही गं चढले मी, गरजेने चढले. तुझ्यावर ती वेळ आली तर तूही हरणासारखी पळशील.

वर सगळे कठड्याला चिकटून, आ वासून शहर बघतायत आणि मी दार शोधतेय. एक टोपीवाला दिसला, मला वाटलं पहारेकरी. भाषा येत नाही, म्हणून शाळेत बाईंना दाखवायचो तशी करंगळी वर केली. बावळटाला कळेना. मी आणखी उंच केली, जरा ओरडलेही. तो खूश झाला, त्यानेही करंगळी वर केली, आणि खाटकन फोटो काढला. तुम्ही घरात जिला विजयाची खूण म्हणताय ती ही! खाली यायला लिफ्ट होती. (वर जायला का नाही, हे विचारायलाही भाषा लागते.) आणि मी जे शोधत होते ते खाली, तिकिटाच्या खिडकीला लागून, फुकट. लेक तोवर चौकभर हिंडून रडकुंडीला आलेली. फोटो विकतात तिथल्या पडद्यावर तिला अचानक आई दिसली, करंगळीसकट. त्या आनंदात तिने तो घेतला आणि घरोघर धाडला.

तेव्हा एका फोटोवरून माझे गुडघे तपासू नयेत. लेक रोज तेल चोळते आहे. डॉक्टरांनी मला जिना वर्ज्य सांगितलाय, तो कागद कपाटात आहे. खाट मुकाट्याने खाली आण.

तुझी थोरली

ता. क. तेल कालपासून बंद केलं. काल मी परत वर जाऊन आले. पहिल्या खेपेला काही बघितलंच नव्हतं. नदी छान दिसते. या वेळी फोटोवाल्यापुढे पदर तोंडावर घेतला.

आणखी एक ता. क. खाट राहू दे वरच. तू सकाळी वरून खाली येताना जिना बसून बसून उतरतेस, एकेक पायरी, हे मी दोन वर्षं बघते आहे आणि न बघितल्यासारखं करते आहे. खालची खोली तू घे. पण तू घेतलीस असं नाही, मी दिली. स्वतःचे गुडघे एवढे दुखत असताना थोरलीने खोली सोडली, असं सुनेला आणि शेजारणीला सांगायचं, याच शब्दांत. (शेजारणीला आधी. पुढचं ती बघेल.) आणि याचं उत्तर तू स्वतः, तुझ्या हाताने लिही. भाऊजींना लिहायला बसवू नकोस, त्यांना दोन डगरींवर पाय ठेवायची सवय आहे.